जुन्या गाडीसाठी कंपनीची मूळ सर्व्हिस हत्यारे : कोणती घ्यावीत, कोणती नाशिकमध्येच करून घ्यावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी घेतलेली १९६७ सालची स्टँडर्ड हेराल्ड गंगापूर रोडवरच्या घरी बरीच वर्षे उभी होती आणि ती आता रस्त्यावर आणायची आहे. मागच्या एका चाकाचे बेअरिंग आवाज करते. मिस्त्री म्हणतात की हातोडा आणि तीन पायांचा पुलर (बसलेला भाग ओढून काढणारे हत्यार) असला की काम होते. दुसरीकडे मुंबईतील एक विक्रेता जुन्या डीलरच्या गोदामातून निघालेला, चर्चिल कंपनीच्या मूळ सर्व्हिस हत्यारांचा आख्खा संच मोठ्या किमतीला देऊ करतो आहे. संच घ्यावा, नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत करून घ्यावा, की मिस्त्रींचे ऐकावे?

माझे उत्तर स्पष्ट आहे. आख्खा संच घेऊ नये. मात्र योग्य हब पुलर (चाक ज्यावर बसते तो हब काढणारा) हातात येईपर्यंत मागच्या चाकाला कोणालाही हात लावू देऊ नये. बाकीच्या हत्यारांपैकी काही इथेच उत्तम बनतील, काही बाजारातल्या साध्या हत्यारांनी भागतील आणि एक-दोन उसनी मिळवावी लागतील. असे का, ते सविस्तर सांगतो, कारण हेराल्डबरोबरच अ‍ॅम्बेसेडर, फियाट, जीप सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच कधी ना कधी येतो.

गाडी बनवणारा कारखाना आपल्या डीलरना जी खास हत्यारे घ्यायला लावत असे, ती सहसा कारखाना स्वतः बनवत नसे. ब्रिटनमध्ये व्ही. एल. चर्चिल या कंपनीने स्टँडर्ड-ट्रायम्फसह (हेराल्ड मूळची याच कंपनीची) अनेक उत्पादकांसाठी अशी हत्यारे तयार केली. अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी केंट-मूर आणि क्रायस्लरसाठी मिलर ही नावे होती. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) हत्यारांचे क्रमांक १८जी या अक्षरांनी सुरू होतात, केंट-मूरचे जे या अक्षराने, आणि मर्सिडीजच्या लांबलचक क्रमांकात मधला गट ५८९ असतो. ही माहिती केवळ हौसेची नाही. भंगाराच्या ढिगात किंवा जुन्या गॅरेजच्या पेटीत एखादा विचित्र आकाराचा तुकडा हाती लागला, तर त्यावर कोरलेल्या क्रमांकावरून तो कोणत्या गाडीचा आणि कशासाठी आहे, हे मॅन्युअलमध्ये शोधता येते. क्रमांक घासून गेला असेल, तर तो तुकडा चांगला असूनही अनेकदा निरुपयोगी ठरतो.

म्हणून पहिली खरेदी हत्याराची नसून वर्कशॉप मॅन्युअलची करावी. आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचे मॅन्युअल घ्यावे आणि ज्या ज्या कामात खास हत्याराचा क्रमांक दिला आहे, त्या प्रत्येक जागी थांबून एकच प्रश्न विचारावा : हे हत्यार नसेल तर नेमके काय तुटेल? कधी उत्तर येते, ‘काहीच नाही, फक्त वेळ जास्त लागेल.’ व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचा क्लॅम्प, पिस्टन रिंग दाबण्याचा पट्टा, बेअरिंग ठोकून बसवायची नळी ही त्या जातीची हत्यारे आहेत. बाजारात मिळणारे चांगल्या प्रतीचे साधे हत्यार तेच काम करते. क्लच प्लेट मध्यभागी धरण्यासाठी लागणाऱ्या दांड्याच्या जागी त्याच गाडीच्या मोडीत गेलेल्या गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट वापरण्याची आपल्या मिस्त्रींची पद्धत तर पूर्णपणे बरोबर आहे. पण कधी उत्तर असे येते की, जो भाग तुटेल तो आता भारतात मिळत नाही. तिथे खर्चाचा विचार बाजूला ठेवावा, कारण हत्याराची किंमत ही त्या भागाच्या किमतीशी ताडून पाहायची असते.

हेराल्डच्या मागच्या हबचे उत्तर नेमके हे दुसऱ्या प्रकारचे आहे.

या गाडीच्या मागच्या हाफ शाफ्टचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचे, बाहेरचे टोक निमुळते, म्हणजे टेपर आहे. त्यावर चावी, म्हणजे खाचेत बसणारी पोलादी पाचर, बसते, चावीवर हब सरकतो आणि मोठा नट हबला टेपरवर घट्ट ओढून धरतो. पन्नास-साठ वर्षांत हा सांधा असा काही बसतो की नट काढल्यावरही हब जागचा हलत नाही. तीन पायांचा साधा पुलर हबच्या फ्लँजला, म्हणजे चाक टेकते त्या चकतीसारख्या भागाला, कडेने पकडतो. फ्लँज फार जाड नाही आणि जोर तीनच बिंदूंवर, तोही अगदी कडेला येतो. त्यामुळे हब सुटण्याआधी फ्लँज वाकते. वाकलेल्या फ्लँजवर चाक डुगडुगते, ब्रेक ड्रम एकसारखा फिरत नाही, आणि हे सगळे लक्षात येते तेव्हा नवे बेअरिंग आधीच बसवून झालेले असते. हातोड्याची गोष्ट याहून वाईट आहे. शाफ्टच्या टोकावर मारलेला घाव शाफ्टमधून थेट आतल्या युनिव्हर्सल जॉइंटच्या सुयांसारख्या बारीक रोलरवर आणि पुढे डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरवर, जातो. शिवाय टोकाचे आटे फुगले की नट पुन्हा सरळ चढत नाही.

चर्चिलचा एस. १०९ क्रमांकाचा पुलर (पुढच्या आवृत्तीत एस. १०९सी) ही अडचण साध्या मार्गाने सोडवतो. त्याचे जाड अंग, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या चारही स्टडच्या आधाराने हबला धरून बसते, त्यामुळे ओढ चारही बाजूंनी समान आणि मध्याच्या जवळ येते. मधला जाड स्क्रू शाफ्टच्या टोकावर दाब देतो. दाब आणि ओढ दोन्ही हब आणि शाफ्ट यांच्यातच राहतात, आतल्या जॉइंटपर्यंत काही पोहोचत नाही. काम करताना नट पूर्ण काढू नये, शाफ्टच्या टोकाशी समतल येईल इतका मागे घेऊन ठेवावा, म्हणजे आट्यांना आधार राहतो आणि सुटलेला हब अंगावर उडत नाही. स्क्रू आवळून ताण द्यावा, मग स्क्रूच्या डोक्यावर जड हातोड्याचा एकच नेटका घाव घालावा. सुटला नाही तर थोडा आणखी ताण द्यावा आणि थांबावे. गरज पडल्यास ताण तसाच ठेवून रात्र जाऊ द्यावी. सुटताना बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. प्रथमच काम करणाऱ्याला वाटते की काहीतरी तुटले. उष्णता देण्याचा मोह अनेकांना होतो. बेअरिंग आणि सील बदलायचेच असल्याने माफक उष्णता हबला देण्यास हरकत नाही, परंतु ज्योत एका जागी धरून धातू लाल करू नये.

आता हा पुलर नाशिकमध्ये बनेल का? निश्चित बनेल, आणि चांगला बनेल. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत टूलरूम, वायरकट आणि हीट ट्रीटमेंटची कामे रोजची आहेत. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या या गावात असा एक नग करून देणारा कारागीर शोधणे अवघड नाही. अवघड असते ते त्याला नेमके काय हवे आहे हे सांगणे, आणि बहुतेक फसलेली हत्यारे तिथेच फसतात. हेराल्डच्या चार स्टडचे पिच सर्कल (त्यांच्या मध्यांतून जाणारे वर्तुळ) पावणेचार इंच व्यासाचे, म्हणजे ९५.२५ मिलिमीटर आहे. चित्रात ‘साधारण ९५’ लिहून दिले, किंवा कोणी ९६ धरले, तर भोके स्टडवर चढवण्यासाठी मोठी करावी लागतात आणि ओढ तिरकी येते. स्टडचे आटे तीन-अष्टमांश इंच यूएनएफ (बारीक इंची आट्यांचे एक प्रमाण) आहेत. पुलर धरण्यासाठी चाकाचे निमुळते नट वापरू नयेत, पूर्ण उंचीचे सपाट नट आणि कडक वॉशर घ्यावेत.

अंगासाठी ईएन ८ पोलादाची किमान पंचवीस मिलिमीटर जाडीची चकती पुरते. स्क्रू मात्र ईएन २४ चा, हार्डन आणि टेंपर केलेला असावा. अतिकडक केलेला स्क्रू घाव घालताच तडकतो, म्हणून नुसते ‘हार्ड करा’ असे सांगून मोकळे होऊ नये. स्क्रूचा व्यास पंचवीस मिलिमीटर किंवा अधिक आणि आटे बारीक असावेत. टोकाला सुटे फिरणारे कडक पॅड द्यावे, म्हणजे स्क्रू शाफ्टच्या टोकावर घासत फिरणार नाही. सर्वांत महत्त्वाची सूचना खरादीला द्यायची ती ही की, अंगाचा टेकणारा पृष्ठभाग आणि मधले आटे एकाच सेटिंगमध्ये कापावेत. चकमधून काढून पुन्हा बांधले की स्क्रू पृष्ठभागाला काटकोनात राहत नाही, आणि तिरका स्क्रू असलेला पुलर दिसायला कितीही देखणा असला तरी शाफ्टचे टोक खराब करतो. कोठेही वेल्डिंग नको. वेल्ड केलेला पुलर ताणाखाली तुटला तर तुकडा माणसाच्या दिशेने जातो.

आता मुंबईच्या त्या संचाविषयी. विक्रेत्याने पाठवलेल्या यादीत एस. ४२२१ए हा क्रमांक ठळकपणे दिला आहे आणि किमतीचा मोठा भाग त्याच्यावर लावला आहे, असे आपण लिहिले आहे. हा चर्चिलचा हाताने चालवायचा प्रेस आहे, आणि हत्यार उत्कृष्ट आहे. पण ती केवळ चौकट आहे. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक बेअरिंगसाठी वेगळे अ‍ॅडॉप्टर लागते, आणि त्याचा क्रमांक मूळ क्रमांकाच्या पुढे जोडलेला असतो. अ‍ॅडॉप्टर नसलेली चौकट घेऊन हेराल्डचे एकही बेअरिंग निघणार नाही. म्हणून विक्रेत्याकडून प्रत्येक नगाच्या कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र मागवावे आणि आपल्या मॅन्युअलमधील यादीशी पडताळावे. त्यातून आपल्या गाडीचे किती निघतात ते पाहूनच किमतीची बोलणी करावीत. मूळ पुलर वेगळा मिळत असेल तर जरूर घ्यावा, मात्र स्क्रूचे आटे शेवटपर्यंत हाताने फिरतात का, आणि अंगावर केसासारखी चीर आहे का, हे डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून पाहिल्याशिवाय नको. असे पुलर पिढ्यान्‌पिढ्या हातोडे खात आलेले असतात. मूळ आहे म्हणून ते शाबूत असतेच असे नाही, आणि तडकलेल्या मूळ हत्यारापेक्षा अंबडला नीट बनवलेले नवे हत्यार मी केव्हाही पसंत करीन.

डिफरन्शियलची पिनियन बसवण्याचे गेज, डमी पिनियन, केस ताणण्याचे साधन हे सगळे त्या यादीत असेल तरी सोडून द्यावे. ते काम आयुष्यात एकदा निघेल, आणि निघालेच तर ते ज्याच्याकडे ही हत्यारे आणि हात दोन्ही आहेत अशाच माणसाकडे द्यावे.

याउलट एक अत्यंत स्वस्त हत्यार आहे, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि ज्याच्या अभावी सर्वाधिक हेराल्ड गाड्या पुढच्या चाकावर बसल्या आहेत. पुढच्या सस्पेन्शनचा उभा दांडा खालच्या बाजूला पितळी ट्रनियनमध्ये आट्यांनी बसलेला असतो, आणि स्टिअरिंग वळवताना तो त्या आट्यांतच फिरतो. या सांध्यात घट्ट ग्रीस नव्हे, तर ईपी ९० जातीचे हायपॉइड गिअर ऑइल घालायचे असते, आणि त्यासाठी कंपनीने ऑइल गन सांगितली आहे. आपल्याकडे मात्र निपल दिसले की ग्रीस गन लावायची, ही सवय हाडीमासी खिळलेली आहे. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत उतरत नाही, कालांतराने सुकते, तिथे पाणी साचते, दांडा आतून गंजतो, आणि एके दिवशी वळणावर तो ट्रनियनच्या तोंडाशी तुटून चाक आडवे पडते. गाडी इतकी वर्षे उभी होती, तेव्हा बेअरिंगच्या आधी हे दोन्ही सांधे उघडून आटे साफ करावेत आणि दांड्याला चीर नाही याची खात्री करावी. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे परस्परविरुद्ध दिशेचे आहेत, म्हणून दोन्ही बाजूंचे भाग वेगवेगळ्या पेटीत ठेवावेत. एक वेगळी गन घ्यावी, तीत फक्त हेच ऑइल भरावे, आणि तिच्यावर रंगाने ‘ट्रनियन’ असे लिहून ठेवावे, म्हणजे कोणी मदतनीस तीत ग्रीस भरणार नाही.

पुढची कॉइल स्प्रिंग काढण्याची वेळ आली, तर तिथे तडजोड नको. दाबलेली स्प्रिंग तारेने किंवा दोरीने बांधून काढण्याचे प्रकार मी पाहिले आहेत आणि ते माझ्या वर्कशॉपमध्ये होऊ देत नाही. स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर नीट बसणारा, दोन्ही बाजूंनी समान दाबणारा कंप्रेसर हवा. मूळ नसेल तर दर्जेदार नवा चालेल.

पान्यांविषयीही लिहायला हवे, कारण नट झिजवण्याचे पाप खास हत्यारांच्या अभावापेक्षा चुकीच्या पान्यांनी जास्त होते. हेराल्डचे बहुतेक आटे यूएनएफ आहेत आणि त्यांना इंची ए/एफ (नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतराने मोजलेले) पाने लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना चढतो खरा, पण तो ढिला असतो, आणि जुन्या नटाचे कोपरे पहिल्याच जोरात गोल होतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तिथे १९ चा पाना चालून जातो. पाच-अष्टमांशाला १६ चा चालतो. म्हणूनच लोकांना वाटते की सगळीकडेच चालते. युद्धपूर्व ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने लागतात, आणि त्यांचे पाव इंची माप ०.५२५ इंच, म्हणजे जवळपास १३.३ मिलिमीटर येते, ज्याला ना १३ बसतो ना १४. सर्वांत चकवणारे उदाहरण एमजीच्या टी मालिकेतील एक्सपीएजी इंजिनाचे आहे : तिथे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टचे डोके व्हिटवर्थ मापाचे. अशा इंजिनात डोके पाहून आटे ठरवणारा माणूस एकाच दुपारी ब्लॉक खराब करू शकतो. फियाट ११०० आणि पद्मिनीवाल्यांना हा त्रास नाही, तिथे सगळे मेट्रिक आहे.

टॉर्क रेंचही मोजमापाचे हत्यार आहे, पाना नव्हे. हेराल्डच्या ९४८ सीसी इंजिनाच्या सिलिंडर हेडचे नट ४२ ते ४६ पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५.८ ते ६.४ किलोग्रॅम-मीटर आवळायचे असतात. ही मर्यादा अरुंद आहे. रेंच वर्षानुवर्षे पेटीत ताणलेल्या अवस्थेत पडला असेल, तर तो काय दाखवेल याचा भरवसा नाही. काम संपले की तो सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा आणि वर्षातून एकदा कॅलिब्रेट करून घ्यावा. ही सोय आपल्या औद्योगिक वसाहतींत सहज होते.

इतर गाड्यांचे मालकही हे वाचतील, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. जुन्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सललाही टेपर हब असतो आणि वरील सगळी चर्चा तिला लागू पडते; शिवाय पुढच्या हबच्या पातळ लॉकनटसाठी दोन पूर्णांक एक-षोडशांश इंचाचा खास पाना लागतो, आणि छिन्नीने तो नट फिरवणाऱ्याला बेअरिंगचा ताण कधीच नीट साधत नाही. जीपच्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. नट निघत नाही म्हणून पाइप लावण्याआधी ते पाहावे. अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन बीएमसीच्या बी मालिकेचे, म्हणून तिच्यासाठी १८जी क्रमांकाची हत्यारे शोधावीत. डिझेल गाडीचा पंप किंवा नोझल असेल, तर डिझेलचे असे भाग बनवणाऱ्या मायकोच्या (आताच्या बॉशच्या) नाशिकमध्ये मी कोणाला तो घरी उघडायला सांगणार नाही. तो डिझेल पंपांची दुरुस्ती करणाऱ्या पंप रूमला द्यावा. जॅग्वारच्या एक्सके इंजिनासाठी व्हॉल्व्ह टायमिंगची जी सी. ३९९३ पट्टी लागते, ती पाहिली तर कोणालाही वाटेल की हा पत्र्याचा तुकडा आहे. हेडच्या सपाट भागावर ती ठेवली की तिची जीभ कॅमशाफ्टच्या खाचेत बसते, एवढेच तिचे काम. पण ती खाच अंदाजाने जुळवली, तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात.

एक व्यावहारिक सूचना. नाशिकमध्ये जुन्या गाड्या प्रेमाने सांभाळणारी कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाने आपापला पुलर करून घेण्याचे कारण नाही. एका प्रकारच्या गाडीचे तीन-चार मालक मिळून एक चांगला नग करून घेऊ शकतात. त्याचे ड्रॉइंग मापांसह कागदावर जपावे, म्हणजे दुसरा बनवताना पुन्हा शून्यापासून सुरुवात नको. हत्यार परत आले की स्क्रूचे आटे पुसून त्यांना मॉलिब्डेनमचे ग्रीस लावावे आणि तेलकट कागदात गुंडाळून ठेवावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उघड्या पोलादावर गंज चढायला फारसा वेळ लागत नाही.

आपल्या गाडीपुरता कामाचा क्रम असा ठेवावा. आधी पुढचे दोन्ही ट्रनियन तपासावेत. त्यानंतर पुलर करवून घ्यावा आणि हाफ शाफ्ट आतल्या फ्लँजचे चार बोल्ट काढून बाहेर, कामाच्या बाकावर घ्यावा, म्हणजे गाडीखाली पडून जोर लावावा लागणार नाही. हब निघाल्यावर टेपर, चावी आणि चावीची खाच बारकाईने पाहावी; खाचेची कड चेपलेली असेल तर हब पूर्वी ढिला चालला आहे असे समजावे आणि शाफ्टचाच विचार करावा. फ्लँज डायल गेज लावून फिरवून पाहावी, म्हणजे याआधी कोणी ती वाकवली आहे का ते कळेल. परत बसवताना टेपरचे दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून कोरडे असावेत, त्यावर तेल किंवा ग्रीस लावू नये, नवा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळावा, आणि गाडी थोडी चालवून आणल्यावर, हब थंड झाला की, त्याच टॉर्कने तो पुन्हा एकदा तपासावा.